वाहिलेली खोली

प्रमोदिनी गेली त्याच्या चौथ्या दिवशी शोकसभेत गुणवंत आढाव उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जिथे तिने शेवटचा श्वास घेतला ती खोली मी आजपासून प्रभूला वाहिली. तिथे कोणी राहणार नाही, कोणी झोपणार नाही." दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे चाळीस-पन्नास माणसं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुणवंतने घरी येऊन खोलीला कुलूप घातलं आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्याला जरा बरं वाटलं.

ही गोष्ट ऑक्टोबर शहाऐंशीची. गुणवंतचं घर गाझियाबादला, तळमजल्यावर. कृषी मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होताना घेतलेलं. एक खोली, एक हॉल, स्वयंपाकघर. खोली मोठी, दक्षिणेची. थंडीत सकाळी आठ ते तीन ऊन यायचं आणि संडास-बाथरूम तिला लागूनच होतं. दुसरा एक संडास मागच्या गॅलरीत, पण त्याचा उंबरा वीतभर उंच. खोलीत प्रमोदिनीच्या वडिलांनी लग्नात दिलेला सागवानी पलंग. त्यावर ती झोपायची. गुणवंत घोरायचा म्हणून गेली दहा वर्षं तो हॉलमध्ये दिवाणावर होता. तिने त्याला तिकडे धाडलं होतं आणि तोही आनंदाने गेला होता, कारण हॉलमध्ये रेडिओ होता.

आता दर शनिवारी तो कुलूप काढायचा. झाडू मारायचा, ओल्या फडक्याने पलंग पुसायचा, तिच्या गायनपुस्तकावरची धूळ झटकायचा, दोन मिनिटं उभं राहून प्रार्थना करायचा आणि पुन्हा कुलूप. पलंगावर तो स्वतःही कधी टेकला नाही. शब्द दिला म्हणजे दिला.

वरच्या मजल्यावर बाळ नवगावकर राहायचा. खरं नाव बेंजामिन, पण पाळण्यात पडलेलं 'बाळ' हे नाव त्याला रेल्वे बोर्डातून निवृत्त होईपर्यंत चिकटून राहिलं. बेने इस्रायली यहुदी माणूस, मूळचा अलिबागकडचा. दोघांची ओळख तीस वर्षांपूर्वीची, सरकारी क्वार्टर्समधली. बाळची बायको सध्या इस्रायलला सुनेच्या बाळंतपणासाठी गेलेली. त्यामुळे संध्याकाळी तो खाली येई. दोघं मिळून पिठलं किंवा खिचडी करत आणि कोणाची जास्त करपली यावर भांडत. शुक्रवारी मात्र सूर्य बुडायच्या आत बाळचं जेवण तयार असायचं, कारण शनिवारी तो चूल पेटवत नसे.

"आमचे पूर्वज तेली," तो सांगायचा. "शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. आता घाणा गेला, शनिवार तेवढा राहिला."

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये धाकट्या भावाचं, विलासचं पत्र आलं. त्याची बदली गोंदियाला झाली होती. तिथे मिळालेलं घर दुसऱ्या मजल्यावर. आई चौऱ्याऐंशीची, फेब्रुवारीत तिचा खुबा मोडलेला, जिना चढणं शक्य नाही. 'दादा, आईला आता तुझ्याकडेच आणून सोडतो. पंचवीस सप्टेंबरला झेलम एक्सप्रेसने पोहोचू.'

गुणवंतला आनंद झाला. घरात माणूस येणार. त्याने दिवाणाची गादी नवी पिंजून घेतली. आई दिवाणावर, आपण स्वयंपाकघराच्या तोंडाशी घडीच्या खाटेवर. मागच्या संडासाच्या उंबऱ्याशी एक वीट ठेवली की झालं. बंद खोलीचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि त्याने तो लगेच बाजूला केला. ती खोली आपली नव्हतीच आता.

त्याच महिन्यात पाळकसाहेबांनी निरोप धाडला की चार ऑक्टोबरच्या उपासनेत संदेश तुम्ही द्या. प्रमोदिनीला जाऊन वर्ष होतंय, तुम्ही बोलावं असं सगळ्यांना वाटतं. विषय त्या रविवारच्या वाचनाचा: मार्ककृत शुभवर्तमान, सातवा अध्याय. येशू शास्त्री आणि परूशी या यहुदी धर्मपंडितांना खडसावतो तो भाग. गुणवंतला हा भाग पाठ होता. तीन-चार वेळा तो त्यावर बोललाही होता. त्याने फुलस्केप कागदावर चार पानं लिहिली आणि एका संध्याकाळी बाळला म्हणाला, "ऐक जरा. लांबलंय का सांग."

बाळ शेंगा सोलत बसला होता. "वाच."

गुणवंतने चष्मा लावला. "शास्त्री आणि परूशी हे कठोर मनाचे लोक होते. म्हातारे आईवडील दाराशी आले, तर ते म्हणत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी देवाला वाहिलेलं आहे. आणि त्यांचे रब्बी त्यांना शाबासकी देत."

"शाबासकी कोणी दिली?"

"रब्बींनी."

"शुभवर्तमानात लिहिलंय तसं?"

गुणवंतने पुस्तक उघडून बोट फिरवलं. "शाबासकी असं नाही. आईबापांसाठी मग काही करू देत नसत, असं आहे."

"हां. म्हणजे एकदा शब्द तोंडातून गेला की मोडू देत नसत. तसं म्हणणारे होते आमच्यात. आणि उलट म्हणणारेही होते." बाळने दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "आढाव, ते भांडण घरातलं होतं रे. येशू त्या घरातला माणूस, त्या भांडणात एका बाजूने बोलतोय. तू त्याला बाहेरून आलेला इन्स्पेक्टर करून टाकलास."

"म्हणजे तुझे रब्बी येशूच्या बाजूचे होते?"

"या बाबतीत पुष्कळसे. थांब."

बाळ वर गेला आणि एक जाड पुस्तक घेऊन आला. निवृत्तीनंतर त्याने मुलाकडून रब्बींच्या जुन्या चर्चांची इंग्रजी भाषांतरं मागवली होती आणि शनिवारभर तो ती वाचत बसायचा. वडील गावच्या प्रार्थनालयात प्रार्थना चालवत. त्यांच्याकडून ऐकलेलं अर्धंमुर्धं आता तो नीट वाचत होता.

"हे बघ. माणूस रागात, दुःखात काहीतरी वाहून बसतो, शपथ घेऊन बसतो. मग पस्तावतो. त्याला सोडवायचं कसं? हे म्हणतात, त्याच्यासाठी दार उघडा. त्याला विचारा, अमुक गोष्ट तुला तेव्हा ठाऊक असती तर तू हे बोलला असतास का? तो खरेपणाने नाही म्हणाला की दार उघडलं, तो मोकळा. आता कोणती गोष्ट विचारायची यावर वाद. एक रब्बी म्हणतात, आईवडिलांचा मान. तू असं बोललास तर आईवडिलांना कमीपणा येईल हे ध्यानात आलं असतं तर बोलला असतास का? बाकीचे म्हणतात, नाही, असा सोपा प्रश्न चालणार नाही. पण शेवटी तेही कबूल करतात की, गोष्ट त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या मधलीच असेल, तर आईवडिलांच्या मानाने दार उघडायचं. बघ, हाच तुझा मार्क. फक्त मार्कात भांडण ऐन भरात आहे आणि इथे निकाल लागलाय."

गुणवंत पेन हातात धरून बसला. चार पानांतलं निम्मं आता खोडावं लागणार होतं.

"आई कधी येतायत?" बाळने विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"झोपणार कुठे?"

"इथे, दिवाणावर."

"आणि ती खोली?"

"ती प्रभूला वाहिली आहे. तुला ठाऊक आहे."

बाळने आणखी एक शेंग फोडली. मग हळूच म्हणाला, "ते पहिलं पान पुन्हा वाच बरं."

गुणवंतने पान हातात घेतलं. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं अर्ध्यावर थांबलं. त्याचे कान तापले.

"ते लोक ढोंग करायचे," तो म्हणाला. "मी खरंच वाहिलंय."

"तेही खरंच वाहत असतील की."

"बाळ, तू वर जा बरं."

"जातो. शेंगा ठेवून जातो."

तीन दिवस दोघांनी एकत्र खिचडी केली नाही. गुणवंतला राग बाळचा नव्हता. सातवा अध्याय त्याने आयुष्यात शंभर वेळा वाचला होता आणि शंभर वेळा आपण येशूच्या बाजूला उभे आहोत असंच धरलं होतं. आता समोरच्या ओळीत उभं राहायची पाळी आली होती. आणि तरी कुलूप काढायला हात होत नव्हता. त्या खोलीत जे उरलं होतं ते दुसऱ्या कुठेच नव्हतं. शिवाय चाळीस माणसांसमोर प्रभूला दिलेला शब्द अडचण आली म्हणून परत घ्यायचा, तर तो शब्द कसला?

चौथ्या दिवशी तो स्वतःच वर गेला. "मला बघायचंय," तो म्हणाला. "ते सोडवतात कसं ते."

"मग बुधवारी चल माझ्याबरोबर," बाळ म्हणाला. "आमच्या नव्या वर्षाचा, नव्याचा सण लागतो संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आपापले शब्द सोडवून घेतो. कोरं होऊन वर्षात शिरायचं."

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. सप्टेंबर संपत आला तरी मेसारखी धूळ. दोघं पहिल्या बसने दिल्लीला गेले. छोटं प्रार्थनालय, पांढऱ्या भिंती. गुणवंत डोक्याला रुमाल बांधून शेवटच्या बाकावर बसला. प्रार्थना झाल्यावर तीन माणसं खुर्च्यांवर बसली. त्यांच्यात कोणी रब्बी नव्हता. एक मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापारी, एक शाळामास्तर, एक कुठल्याशा वकिलातीतला कारकून. समोर बाळ उभा राहिला. आधी पुस्तकातलं वाचलं आणि मग मास्तर हिंदीत म्हणाले, "कुछ खास हो तो बोलिए."

बाळ म्हणाला, मार्चमध्ये मुलाशी फोनवर भांडलो आणि म्हणालो की पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही, शपथ. सहा महिने बायकोमार्फत बोलतोय. मग कळलं, त्या दिवशी तो एकशे तीन तापात होता. म्हणून तसा तिरसट बोलला.

"उस दिन मालूम होता तो कसम खाते?"

"नहीं."

तिघं एकदम म्हणाले: मोकळं आहे तुला, सुटलं आहे तुला, माफ आहे तुला. असं तीनदा. मग बाळ खुर्चीवर बसला, कारकून उठून समोर उभा राहिला. पंच आणि गुन्हेगार आळीपाळीने तेच. गुणवंतला याची गंमत वाटली. सगळं अर्ध्या तासात उरकलं आणि मग चहा.

परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "माझंही सोडवा ना."

"आमच्या तिघांचं तुझ्यावर चालत नाही. तुझ्या मंडळीतले तीन बघ. पण एक सांगतो. आईचा खुबा मोडला म्हणून, विलासची बदली झाली म्हणून, असं नाही चालायचं. ते नंतर घडलं. नंतरच्या गोष्टीने दार उघडलं तर कुठलाच शब्द टिकणार नाही. जी गोष्ट त्या दिवशीही खरी होती आणि तुला दिसली नाही, तीच लागते."

"आईचा मान तर त्या दिवशीही होता."

"होता. मग तेच विचारतील तुला. फक्त उत्तर खरं दे."

शुक्रवारी झेलम दोन तास उशिरा आली. विलासने आईला जवळजवळ उचलूनच टॅक्सीत बसवलं. हौसाबाई सुकून एवढीशी झाली होती, पण आवाज तसाच. घरात पाय ठेवल्या ठेवल्या तिने विचारलं, "गुणू, ही खोली बंद का रं?"

"प्रभूला दिली, आई. प्रमोदिनीच्या नावाने."

"अख्खी?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली. काठी टेकत दिवाणापर्यंत आली, वर चढून बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "प्रभू एकटाच का रं एवढ्या मोठ्या खोलीत?"

विलास हसला. गुणवंतला हसू आलं नाही. तो चहा ठेवायला गेला.

विलास त्याच संध्याकाळी परत निघाला. दोन दिवस आई दिवाणावर राहिली. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. दिवाण उंच होता आणि ती बसली की तिचे पाय शाळेतल्या मुलीसारखे लोंबकळत. गुणवंतने पायाखाली लोखंडी ट्रंक ठेवली. ती सरकायची. मागच्या संडासाला जाताना विटेवर पाय ठेवून उंबरा चढायचा म्हणजे पाच मिनिटांचं काम. गुणवंत हात धरून उभा राहायचा आणि आई म्हणायची, "सोड, मी काय नवी नवरी हाय?" पण हात सोडायची नाही.

रविवारी दुपारी पाळकसाहेब श्यामकांत आईला भेटायला आले. बरोबर अलकाताई आणि त्यांचे यजमान उल्हास. उल्हास मंडळीत पेटी वाजवायचे आणि बाकी वेळ गप्प असायचे. बाळही खाली आला. चहा झाल्यावर गुणवंतने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सातवा अध्याय, पहिलं पान, बुधवारचे तीन पंच, सगळं. आई ऐकत होती.

पाळकसाहेब विचारात पडले. "आढाव, आपल्यात अशी रीत नाही. मी कोण तुमचा नवस सोडवणार?"

"का?" बाळ म्हणाला. "तुमच्याकडे लिहिलंय की. येशू शिष्यांना सांगतो, तुम्ही इथे जे बांधाल ते वर बांधलेलं, मोकळं कराल ते वर मोकळं. आमच्या रब्बींचं हे रोजचं बोलणं आहे, पाळकसाहेब. बांधलं म्हणजे मना केलं. मोकळं केलं म्हणजे चालेल म्हणून सांगितलं. ही कोंबडी चालते का, शनिवारी हा दिवा चालतो का, या माणसाचा शब्द सुटतो का. तेच काम त्याने त्या कोळी शिष्यांच्या हाती दिलं."

"अरे देवा," पाळकसाहेब म्हणाले. "मी वीस वर्षं त्या वचनावरून सैतानाला बांधतोय."

"बांधा की. पण अधूनमधून माणसंही सोडा," अलकाताई म्हणाल्या, आणि उल्हासराव त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पाळकसाहेबांनी तो अध्याय काढला. बांधण्या-सोडण्याच्या वचनाला लागूनच दोघं-तिघं जमतात तिथे मी असतो, हे वचन होतं. ते त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचलं, जणू आज पहिल्यांदा दोन्ही एका पानावर दिसली. "आपण तिघं आहोत," ते म्हणाले. "बसू या."

तिघं एका ओळीत बसले. गुणवंत समोर उभा राहिला. हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.

"तुमच्या या शब्दाने आईचा मान कमी होईल," पाळकसाहेबांनी विचारलं, "हे त्या दिवशी ध्यानात आलं असतं, तर तुम्ही तो दिला असता का?"

नाही म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. गुणवंतने त्या दिवसाची सभा आठवली, समोरची माणसं आठवली, स्वतःला आठवलं.

"दिला असता," तो म्हणाला.

"काय?"

"खोटं कसं बोलू? त्या दिवशी मला कोणी दिसतच नव्हतं. आईसुद्धा नाही. प्रभूसुद्धा नाही, पाळकसाहेब. मला फक्त ती खोली कोणाला द्यायची नव्हती. प्रभूला दिली म्हणजे कोणी मागणार नाही, एवढंच. आई समोर बसली असती तरी मी तेच बोललो असतो."

बाळने मान हलवली. नापसंतीने नव्हे. त्याला बहुतेक हेच उत्तर अपेक्षित होतं. अलकाताई म्हणाल्या, "अहो, पण आता यांचा खुबा..."

"खुबा नंतर मोडला," गुणवंतच म्हणाला. "ते चालत नाही."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "मग दार काही उघडत नाही."

गुणवंत मटकन खुर्चीत बसला. त्याला वाटलं होतं, खरं बोलल्यावर मोकळं वाटेल. वाटलं फक्त हे की, आता आई कायमची या दिवाणावर आणि आपणच तिला तिथे बसवलंय.

"झालं का तुमचं?" हौसाबाई म्हणाली. "गुणू, ही ट्रंक सरकव पुढं. पाय अधांतरी ऱ्हातात. परमूनं लिवलं हुतं तसं काही नाही बाबा इथं."

"काय लिहिलं होतं?"

"पलंगाचं."

"कुठला पलंग?"

"आता कुठला म्हंजे? तिच्या बापाचा. माझ्या पिशवीत हाय बघ, गायनपुस्तकाच्या पुठ्ठ्यात. कागद हाय."

गुणवंतने पिशवी काढली. जुन्या गायनपुस्तकाच्या पुठ्ठ्यात घडी घातलेलं आंतरदेशीय पत्र होतं. प्रमोदिनीचं अक्षर, थोडं उजवीकडे झुकलेलं. तारीख अकरा जुलै एकोणीसशे शहाऐंशी. ऑगस्टमध्ये ती आजारी पडली होती. तो मोठ्याने वाचू लागला, कारण आईला वाचता येत नव्हतं आणि तिला पुन्हा ऐकायचं होतं.

'आई, सा. न. वि. वि. दिवाळीनंतर तुम्ही इकडे यायचंच. यंदा सबब ऐकणार नाही. थंडीचं ऊन या खोलीत दिवसभर असतं. तुमच्या सांध्यांना बरं. मी हॉलमध्ये झोपेन, यांच्या घोरण्याला कानात कापूस घालीन. आणखी एक. मागे आलात तेव्हा पलंगावर बसलं की तुमचे पाय जमिनीला टेकत नव्हते. म्हणून काल सुतार बोलावून पलंगाचे चारही पाय चार-चार बोटं कापून घेतले. यांना सांगितलेलं नाही. सागवानाचं वाटोळं केलंस म्हणतील. तुम्ही आलात की कळेलच.'

तो थांबला. सुतार त्याला आठवत होता. ऑफिसच्या एका जुन्या मित्राकडून परत आला तर अंगणात भुसा पडला होता. पलंग बुटका झालेला दिसला तेव्हा त्याला वाटलं, हिचे गुडघे दुखतात म्हणून केलं असेल. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पुढे आजारपण आलं आणि कोण पलंगाच्या पायांचं बघतंय? वर्षभर दर शनिवारी तो ते पाय ओल्या फडक्याने पुसत होता.

"आढाव," बाळ म्हणाला. "त्या दिवशी, शोकसभेच्या दिवशी, पाय कापलेले होते?"

"होते. जुलैतच कापले होते."

बाळ पाळकसाहेबांकडे वळला. "हे नंतरचं नाही. विचारा आता."

पाळकसाहेब पुन्हा सरसावून बसले. "गुणवंतराव, ही खोली तिने आधीच तुमच्या आईला दिली आहे, हे त्या दिवशी ठाऊक असतं, तर तुम्ही हा शब्द दिला असता का?"

"नाही," गुणवंत म्हणाला. "कसा देणार? माझी नव्हतीच ती द्यायला."

"मोकळं आहे तुम्हाला," पाळकसाहेब म्हणाले आणि बाळकडे बघितलं.

"सगळ्यांनी. तीनदा," बाळने सांगितलं.

तिघांनी तीनदा म्हटलं. उल्हासराव तिसऱ्यांदा जरा सुरातच म्हणाले. हौसाबाईने आमेन म्हटलं आणि काठी शोधायला लागली.

किल्ली गुणवंतच्या खिशातच होती. त्याने कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. तिसऱ्या प्रहराचं ऊन पलंगाच्या निम्म्यावर आलं होतं. आई एक-एक पाऊल टाकत आली, वळली, पलंगाच्या कडेवर बसली. पाय खाली गेले आणि अख्खे तळवे फरशीला टेकले. तिने दोन्ही पाय एकदा उचलून पुन्हा टेकवून बघितले.

"बराबर मापाचं हाय," ती म्हणाली. "पोरगी हुशार हुती."

"होती," गुणवंत म्हणाला. अकरा महिन्यांनी तो त्या पलंगावर बसला, आईच्या शेजारी. त्याचे गुडघे हनुवटीकडे आले, कारण पलंग त्याच्या मापाचा नव्हता. दाराशी सगळे उभे होते. अलकाताई डोळे पुसत होत्या आणि बाळ उगाचच खिडकीची कडी तपासत होता.

"सागवानाचं वाटोळं केलं," गुणवंत म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांत त्याच्या तोंडून असं हसू निघालं नव्हतं. हसता हसता डोळे भरले, तेही त्याने लपवलं नाही.

चार ऑक्टोबरला त्याने संदेश दिला. पहिलं पान फाडून टाकलं होतं. परूश्यांच्या जागी त्याने पलंगापासून सुरुवात केली. शेवटच्या बाकावर बाळ बसला होता. उपासना संपल्यावर गुणवंतने विचारलं, "लांबलं का?"

"जरा," बाळ म्हणाला. "पण शाबासकी काढलीस ते बरं केलंस. चल, आई वाट बघत असतील. आज खिचडी मी करतो."

"करपवू नकोस."

"शपथ नाही घेत," बाळ म्हणाला.